मुलांसोबत घरातले उद्योग, घरचा खाऊ आणि जुन्यातून नवं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना घेऊन मी घरात जे काही करते, त्याबद्दल आया विचारतात, बाबा विचारतात, आज्याही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मापं कपात दिली आहेत. कप कोणताही घ्या, पण शेवटपर्यंत तोच वापरा. ओव्हन, इस्त्री आणि गॅसजवळचं काम मोठ्यांनीच करायचं, हे प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहिलेलं नाही.

१. ताई, घरात काहीच सामान नाही. सुरुवात कशापासून करू?

खरेदीपासून तर नकोच. एक रिकामा खोका घ्या आणि आठवडाभर त्यात टाकत जा: पुठ्ठ्याच्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, सुतळी, फाटक्या शर्टाची बटणं, पाकिटांच्या कोऱ्या बाजू, जुनी वर्तमानपत्रं. विकत घ्यायच्या वस्तू दोनच: पांढरा गोंद आणि चांगली कात्री. कात्र्या मात्र दोन ठेवा, एक कागदाची आणि एक कापडाची. कागद कापल्याने धार बोथट होते आणि मग ती कात्री कापड चावत बसते. माझ्या कापडाच्या कात्रीला लाल दोरा बांधलेला आहे आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खोका एकच असू द्या. तो भरला की आधी काहीतरी बाहेर काढायचं, मगच नवं आत टाकायचं. नाहीतर घराचं गोदाम व्हायला वेळ लागत नाही.

२. मुलगी दोन वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. दोघांना एकत्र काय देऊ?

सामान एकच द्या, काम वेगळं द्या. धाकटीला फाडणं, मळणं, थापणं, चिकटवणं आवडतं. मोठ्याला मोजायला, कापायला, जाड सुईने टाके घालायला द्या. कागदाचा लगदा (प्रश्न ७) दोघांना जमतो, कारण कागद फाडण्याचं काम खरोखर धाकटीवाचून अडतं.

धोका असतो तो मोठ्याच्या सामानात. पुठ्ठ्याची नळी घ्या. जी वस्तू तिच्यातून आरपार पडते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. मणी, बटणं, झाकणं सगळं यात आलं. बटणासारखे चपटे सेल आणि छोटी ताकदवान चुंबकं तर मोठी मुलं खेळतात त्या जागीही नकोत. असा सेल गिळला गेला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठायचा. आणि चुंबकं एकापेक्षा जास्त गेली, तर आतड्याची भिंत मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

३. घरच्या मऊ क्लेचं नेमकं प्रमाण सांगा. माझा चिकट होतो.

मैदा १ कप, मीठ अर्धा कप, पाणी १ कप, तेल १ मोठा चमचा, लिंबाचा रस २ मोठे चमचे. रंग हवा असेल तर तो पाण्यातच घाला. सगळं कढईत एकजीव करून मंद आचेवर ढवळत राहा. आधी पिठल्यासारखं दिसेल, मग एकदम कडा सोडून गोळा होईल. गोळा झाल्यावर अजून मिनिटभर ढवळा. चिकट राहण्याचं कारण बहुतेक वेळा हे मिनिट असतं, पीठ आतून कच्चं राहिलेलं असतं. कोमट झाल्यावर चांगला मळा. चिकट आहे म्हणून आधीच वरून मैदा घालत गेलात, तर दुसऱ्या दिवशी तो ठिसूळ होतो.

घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे टिकतो. मीठ आणि आंबटपणा त्याला राखतात. डब्यात पाणी सुटलं तर कपड्याने टिपून पुन्हा मळा. वास बदलला किंवा ठिपके दिसले, तर टाकून द्या.

४. मिठाच्या क्लेच्या वस्तूंना भेगा पडतात, काही फुगतात. काय चुकतं?

हा क्ले वेगळा, न शिजवलेला: मैदा २ कप, मीठ १ कप, पाणी पाऊण ते १ कप. यात तेल घालायचं नाही. पाणी हळूहळू घाला, पीठ घट्टच राहिलं पाहिजे, आणि सात-आठ मिनिटं मळा.

भेगा पडतात, कारण बाहेरची बाजू आधी वाळून आकसते आणि आतली ओलीच राहते. म्हणून जाडी ५ मिमीच्या आसपास ठेवा. जाड वस्तू हवी असेल तर आत चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलचा गाभा घालून वरून पातळ थर द्या. फुगतात त्या आचेमुळे. ओव्हन १०० अंश सेल्सिअसवर ठेवा, दोन ते तीन तास लागतील, मध्ये एकदा उलटा. आच वाढवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि पृष्ठभागाखाली बुडबुडे येतात. ओव्हन नसेल तर जाळीवर चार-पाच दिवस वाळवा आणि रोज उलटा. दोरा ओवायचं भोक ओलं असतानाच पाडायचं. वाळल्यावर रंग द्या, त्यावर वॉर्निश. वॉर्निश मागच्या बाजूलाही हवं, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि पावसाळी हवेत वस्तू मऊ पडते.

५. मुलानं क्ले तोंडात घातला तर? शिवाय आमच्याकडे कुत्रा आहे.

शिजवलेल्या क्लेचा कणभर तुकडा गेला तर खारटपणामुळे मूल स्वतःच थुंकतं. पाणी पाजा. पण मोठा तुकडा गिळला असेल, उलट्या होत असतील किंवा मूल सुस्त वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारा. प्रश्न ४ मधला क्ले कच्च्या पिठाचा आहे. कच्च्या मैद्यात रोगजंतू असू शकतात, त्यामुळे खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायचेच.

कुत्र्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे. एवढं मीठ त्याला खरोखर विषासारखं आहे, आणि पिठाच्या वासाने तो खातोही आवडीने. वाळत घातलेल्या वस्तू त्याच्या उडीच्याही वर ठेवा. खाल्ल्या असतील तर लक्षणांची वाट न पाहता प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

६. स्लाइमची कृती द्याल का?

बोरॅक्सची (टाकणखाराची) देणार नाही. त्याने त्वचा आणि डोळे चुरचुरतात, आणि मुलांचे हात सारखे तोंडाकडे जातात. त्याऐवजी २ भाग कॉर्नफ्लोअर, १ भाग पाणी. मुठीत दाबलं की घट्ट, मूठ उघडली की बोटांतून ओघळणारं. मुलं तासभर हलत नाहीत. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, ते पाइपात बसतं. वाळवून कचऱ्यात टाका.

७. कागदाच्या लगद्याचा मुखवटा पिचतो किंवा त्याला बुरशी येते.

दोन्हीचं कारण एकच, घाई. मी सुद्धा सुरुवातीला एका बैठकीत सहा-सात थर चढवायची. वरून कडक झालेला मुखवटा आठवड्याने आतून काळा निघायचा.

१ भाग मैदा आणि ५ भाग पाणी घेऊन खळ शिजवा. शिजवलेल्या खळीत गुठळ्या राहत नाहीत आणि ती चांगली धरते. चिमूटभर मीठ घाला, बुरशीला थोडा अडसर होतो. वर्तमानपत्र कापू नका, फाडा. फाडलेल्या कडेचे तंतू विरळ असतात, ते एकमेकांत मिसळतात आणि जोड दिसत नाही. कापलेली कड उठून दिसते. कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, तेव्हा आधी एकदा फाडून बघा. गुळगुळीत मासिकाचा कागद खळ पीत नाही, तो नको.

पट्टी खळीत बुडवली की दोन बोटांत धरून जादा खळ निपटून काढा. एका वेळी दोन, फार तर तीन थर. मग पूर्ण वाळेपर्यंत थांबा, साधारण २४ तास, दमट हवेत अधिक. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. पुढचे थर त्यानंतरच. फुग्यावर करत असाल तर तो उन्हातून सावलीत हलवत राहू नका. गार झाला की फुगा आकसतो, आणि ओलं कवच त्याच्यासोबत आत ओढलं जातं.

८. गोंद नेमका कोणता?

कागद, पुठ्ठा, लाकूड: पांढरा गोंद. पातळ थर लावा आणि दाबून ठेवा, जास्त लावल्याने जास्त चिकटत नाही. प्लास्टिक किंवा धातू एकमेकांना जोडायला ग्लू गन बरी, पण तिचं टोक त्वचा भाजेल इतकं तापतं. कमी तापमानाची गन मिळते, मुलं आसपास असतील तर तीच घ्या आणि स्वतःच्या हातात ठेवा. कापडाला टाके घाला. गोंदाने जोडलेलं कापड कडक होतं आणि धुण्यात सुटतं.

९. तुटक्या क्रेयॉनचं काय करायचं?

पाण्यात तासभर भिजवा, कागद अलगद सुटतो. तुकडे करून सिलिकॉनच्या साच्यात भरा. १२० अंशांवर दहा-पंधरा मिनिटांत वितळतात. साचा न हलवता गार होऊ द्या. जवळचे रंग एकत्र ठेवा, सगळेच मिसळले तर मातकट तपकिरी होतो. मेण थेट आचेवर कधीच वितळवू नका, ते पेट घेतं. खाण्याचा साचा आणि क्रेयॉनचा साचा वेगळा हवा.

१०. जुन्या टी-शर्टचं काय काय होतं? पुसायची फडकी सोडून सांगा.

टी-शर्टचं कापड विणीचं असतं, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे निघत नाहीत. दुमडून शिवायची गरज नाही, म्हणून नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

सर्वांत उपयोगी म्हणजे त्याचा दोरा. शिलाई नसलेला मधला भाग गोल फिरत २ ते ३ सेंमी रुंदीने सलग कापत जा, आणि मग पट्टी ताणा. कडा आपोआप आत वळतात आणि गुबगुबीत दोर तयार होतो. तीन दोरांची वेणी घालून ती चपटी गोल शिवत गेलात की पायपुसणं. मोठ्यांच्या शर्टाच्या बाह्या आणि गळा कापून तळ शिवला की पिशवी होते. ती वजनाने लांबते, म्हणून भाजीला चालेल, पुस्तकांना नको. मुलांच्या आवडत्या, पण अपुऱ्या झालेल्या शर्टांचे चौकोन कापून गोधडी करता येते. मात्र त्या चौकोनांना मागून इस्त्रीचं चिकट अस्तर लावून घ्या, नाहीतर शिवताना कापड ताणलं जातं आणि चौकोन चौकोन राहत नाहीत.

११. कपडे चार महिन्यांत तोकडे होतात. शिवतानाच काही करता येईल का?

येतं. माया जास्त ठेवा. तीन वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतात, त्यातली निम्म्याच्या आसपास उंची पायांत. म्हणजे पॅन्टला खाली ६ सेंमी दुमड असेल तर ती दोन वर्षं पुरू शकते. फ्रॉकला घेराच्या आतल्या बाजूने एक आडवी चुण घालून धावदोऱ्याने टिपून ठेवा, पुढच्या वर्षी उसवायची. जुन्या दुमडीची रेघ राहिली तर तिच्यावर लेस किंवा रंगीत धाग्याचा टाका घाला. दंडात आणि काखेत माया नसेल, तर नुसती लांबी वाढवून उपयोग नाही. तिथेही दीड-दोन सेंमी सोडा.

नवं सुती कापड आधी धुवून घ्या. ते ३ ते ५ टक्के आटू शकतं, आणि मग ठेवलेली माया पहिल्याच धुण्यात संपते. लहान मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी ओढायची नाडी लावू नका. घसरगुंडीत किंवा दारात अडकून गळफास बसू शकतो. कमरेला नेफ्यात इलॅस्टिक घाला.

१२. शिलाई मशीन नाही, चालेल?

चालेल. उलटी टीप शिका. ताण येणाऱ्या जागी ती मशीनच्या टिपेइतकी टिकते. दोरा हाताच्या लांबीपेक्षा मोठा घेऊ नका, गुंता होतो.

१३. हळदीने रंगवलेला रुमाल फिका पडला. कांद्याच्या सालींचाही पडेल का?

हळद कापडाला लगेच धरते, पण उन्हात उडते. शिवाय साबणाच्या पाण्यात लाल होते. त्या लालीने घाबरू नका, लिंबाच्या पाण्यात बुडवलं की परत पिवळी होते. मुलांना हा खेळ म्हणून जरूर दाखवा, टिकाऊ रंग म्हणून नको. बीटही तसंच.

कांद्याच्या साली खूप चांगल्या. सुती कापड आधी साबणाच्या गरम पाण्यात धुवून त्याची कांजी काढा. कापडाच्या वजनाच्या १५ टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तासभर ठेवा. कापडाच्या वजनाइतक्या कोरड्या साली तासभर उकळा, गाळा, आणि कापड त्या पाण्यात मंद आचेवर अजून तासभर राहू द्या. सोनेरी ते विटकरी छटा येते. सावलीत वाळवा. पॉलिस्टरवर यातलं काहीही धरत नाही, आणि ज्या भांड्यात रंगवलं त्यात स्वयंपाक करू नका.

१४. जेली घट्टच होत नाही, दोनदा केली!

अननस, पपई किंवा किवी घातली होती का? या ताज्या फळांत प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, आणि जिलेटिन हे प्रथिन आहे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी ते पातळच राहणार. फळ आधी दोन-तीन मिनिटं उकळून घ्या, विकर निकामी होतं. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, तो चालतो.

किंवा अगार-अगार वापरा. ते समुद्री शेवाळाचं असतं, या विकरांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी घरातही अगारच. ते पाण्यात उकळावंच लागतं, नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही. खोलीच्या तापमानालाही घट्ट राहतं म्हणून डब्यात देता येतं. तोंडात विरघळणारा जिलेटिनचा मऊपणा मात्र त्यात नाही.

१५. बिस्किटं ओव्हनमध्ये पसरून एकमेकांना चिकटतात. साखर कमी केली तर चालेल?

कापलेली बिस्किटं ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. लोणी गार असेल तर ते वितळण्याआधी पीठ आकार धरतं. दुसरी खेप गरम ट्रेवर लावू नका. साखर पाव हिश्श्याने कमी करायला हरकत नाही, उलट पसरणं कमी होतं, कारण साखरही वितळून पसरते. रंग थोडा फिका येईल. त्याहून कमी केली तर बिस्किट कोरडं आणि भुरभुरीत होतं. आमच्या घरी पाव हिस्सा कमी हीच कायमची रीत आहे. मुलांना फरक कळलेला नाही.

मध घालून करत असाल, तर एक वर्षाखालच्या बाळाला त्यातलं काहीही द्यायचं नाही, भाजलेलं असलं तरी. मधातले बोट्युलिझमचे जिवाणूबीज ओव्हनच्या उष्णतेत हमखास मरत नाहीत.

१६. घरच्या बर्फाच्या कांड्या दगडासारख्या का होतात?

साखर आणि गर कमी पडतो. नुसत्या रसाऐवजी फळाचा गर घ्या, एखादं पिकलेलं केळं घाला. गारठल्यावर गोडी कमी लागते, म्हणून मिश्रण प्यायला थोडं जास्त गोड वाटलं पाहिजे. साच्यातून काढताना पाच-दहा सेकंद कोमट पाण्यात धरा.

१७. चॉकलेट वितळवताना अचानक रवाळ गोळा झाला.

त्यात पाण्याचा थेंब गेला. भांडं, चमचा, सगळं कोरडं हवं. आता गरम दूध चमचा-चमचा घालत ढवळा. परत गुळगुळीत होईल, पण सॉस म्हणून. साच्यात ओतायला ते चालणार नाही.

१८. मुलांसाठी वापरलेल्या वस्तू घेताना काय घ्यावं, काय टाळावं?

पुस्तकं, लाकडी ठोकळे, सायकल, कपडे, भरीव लाकडाचं फर्निचर निर्धास्त घ्या. कपड्यांत गुडघे, काख आणि झिप उजेडात बघा. झिप बिघडलेली असेल तर ती बदलायचा खर्च आधी जमेला धरा.

हेल्मेट कधीच नको. आतला फोम एकदाच मार झेलतो आणि दबल्याची खूण बाहेरून दिसत नाही. गाडीतली लहान मुलाची सीट नको, तिचा इतिहास तुम्हाला पूर्ण माहीत असेल तरच घ्या. सोलवटलेला जुना रंग असलेली खेळणी नकोत, त्यात शिसं असू शकतं. पाळण्याच्या सळ्यांमधलं अंतर ६ सेंमीपेक्षा जास्त असेल तर कितीही देखणा असो, सोडून द्या. सेलवर चालणाऱ्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद होतं का, हे बघा. कारण प्रश्न २ मध्ये दिलं आहे.

१९. जुन्या पुस्तकांचा कुबट वास आणि कीड?

वासासाठी: पुस्तक उभं करून पानं विलग ठेवा आणि वाऱ्यात एक दिवस राहू द्या. मग झाकणाच्या खोक्यात वाटीभर खाण्याच्या सोड्यासोबत आठवडाभर. सोडा पानांवर भुरभुरवू नका. किडीसाठी: प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून १८ अंश उणे तापमानाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतली ओल थंड पानांवर बसते. बुरशीचे केसाळ डाग असतील, तर ते पुस्तक घरात आणू नका.

२०. या सगळ्या उद्योगांचे डाग कसे काढायचे?

पहिला नियम: डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री नाही आणि गरम पाणीही नाही. रक्त, दूध, अंडं गार पाण्यात, गरमाने ते शिजून बसतात. पांढरा गोंद कोमट पाण्यात भिजवा. बॉलपेनला स्पिरिट, खाली फडकं ठेवून. तेलाला आधी कॉर्नफ्लोअर, मग भांड्यांचा साबण. क्रेयॉनचं मेण खरवडून, वर-खाली कोरा कागद ठेवून इस्त्री फिरवा (पहिल्या नियमाला हा एकच अपवाद). अॅक्रिलिक रंग ओला असेपर्यंतच निघतो. वाळला की तो प्लास्टिक आहे. म्हणून त्या दिवशी जुने कपडे घालूनच बसवा.

२१. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सगळं साफ होतं म्हणतात. खरं?

फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. वेगवेगळे वापरा: घासायला सोडा, क्षारांच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगर. संगमरवरावर व्हिनेगर नको, दगड खरवडतो. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

२२. मुलगा सगळं अर्धवट टाकून उठतो. मीच पूर्ण करत बसते.

पूर्ण करू नका. तुम्ही केलेलं सुबक झालं की त्याला स्वतःचं काम परकं वाटतं. मी अर्धवट वस्तू एका ताटात ठेवून ताट फडताळात ठेवते. आठवड्याने काढलं की निम्म्या वेळा तो तिथूनच पुढे सुरू करतो. नाही केलं तर सामान परत खोक्यात. काम लहान तुकड्यांत द्या: आज नुसते कागद फाडायचे, उद्या खळ. पाच वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं हा बराच मोठा वेळ असतो.

२३. खरं सांगा, यात पैसे वाचतात का?

दुरुस्तीत आणि वाढत्या कपड्यांत नक्की. खाऊतही, जर सामान घरातलं असेल तर. पण एका मुखवट्यासाठी सहा रंग, ब्रशचा संच आणि चमकी आणली, तर तयार मुखवटा स्वस्त पडला असता. आमचा नियम असा की एका वस्तूसाठी विकत घेतलेली गोष्ट किमान तीन वेळा वापरता येईल का, ते आधी बोलायचं. मुलंच सांगतात, आणि चमकी बऱ्याचदा दुकानातच राहते.

२४. मुलांनी केलेल्या वस्तूंचे ढीग झालेत. टाकवत नाहीत.

प्रत्येक मुलाची एक सपाट पेटी. वर्षाच्या शेवटी मूल स्वतः निवडतं काय ठेवायचं, मी फक्त जोडीला बसते. मिठाच्या क्लेच्या आणि लगद्याच्या वस्तू फार वर्षं राहत नाहीत, ओल आणि मुंग्या लागतात. त्यांचे फोटो काढा, वस्तू मुलाच्या हातात धरून. चित्रांच्या मागे पेन्सिलीने तारीख, वय आणि मुलानं त्या चित्राबद्दल सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. पेननं नको, शाई वर्षांनी पुढच्या बाजूला उमटते. आमच्या पेटीतल्या एका निळ्या फराट्यामागे लिहिलं आहे, "हा आईचा आवाज आहे, ती दुसऱ्या खोलीत आहे." नुसत्या फराट्यावरून ते मला कधीच कळलं नसतं.